रिपोर्ट त्याचा, बहीण माझी

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून नाती, गाव आणि कामाचे काही तपशील बदलले आहेत) :

तालुक्याच्या गावात एका खासगी लॅबमध्ये मी सहा वर्षं टेक्निशियन आहे. गेल्या आठवड्यात समोरच्या हॉस्पिटलमधून हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांसाठी एक सॅम्पल आलं. एचआयव्ही रिअ‍ॅक्टिव्ह. म्हणजे लागण असण्याची शक्यता. दुसऱ्या किटवर लावलं, तेच आलं. मग नाव नीट वाचलं आणि हातपाय गार पडले. माझ्या आतेबहिणीचा तो होणारा नवरा. स्थळ मीच सुचवलं होतं. लग्न सव्वा महिन्यावर आलंय, कार्यालय ठरलंय, पत्रिका छापून झाल्यात. त्याने एवढी मोठी गोष्ट आमच्यापासून लपवली याचा संताप येतो. लॅबच्या डॉक्टर सरांकडे रिपोर्ट सहीसाठी ठेवला, पण नातं सांगितलं नाही. मोबाइलमध्ये रिपोर्टचा फोटो काढून ठेवलाय, उद्या घरच्यांनी विश्वास ठेवला नाही तर पुरावा हवा म्हणून. अजून कोणालाच बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. नोकरी गेली तरी चालेल, पण बहिणीचं वाटोळं झालं तर आत्याला तोंड कसं दाखवू? उद्या लोक म्हणतील, हिला माहीत होतं आणि ही गप्प बसली. सांगू की नको? सांगितलं तर मी फक्त बहिणीलाच सांगेन. आणि सांगायचं तर कोणत्या शब्दांत?

ताई,

तुमचं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा माझ्याही मनात हेच आलं, की फोन उचलावा आणि त्या मुलीला सांगून मोकळं व्हावं. तुमची घालमेल खोटी नाही. तरीही आठ दिवस तुम्ही कोणाला काही बोलला नाहीत आणि आधी विचारलंत, याबद्दल मला तुमच्याविषयी फार आदर वाटला.

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. मोबाइलमधला तो फोटो काढून टाका. गॅलरीतून काढा, डिलीट केलेले फोटो जिथे महिनाभर साठतात तिथूनही काढा, आणि फोन आपोआप फोटो ऑनलाइन जपून ठेवत असेल तर तिथूनही. पुरावा हवा असं तुम्ही म्हणता. पुरावा लागेल अशी वेळ म्हणजे काय, ते जरा डोळ्यांपुढे आणा. आत्याच्या घरात दहा माणसं बसली आहेत आणि तुम्ही एका माणसाच्या रक्ताचा कागद सगळ्यांपुढे धरला आहे. तशी वेळ यावी असं तुम्हालाही वाटत नसणार. शिवाय तो फोन मुलं गेम खेळायला घेतात, घरातलं कोणीतरी त्यावरून फोन लावतं, कधी तो दुरुस्तीला दुकानात जातो. तेव्हा आधी फोटो काढून टाका, मग पुढचं बोलू.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, 'त्याने आमच्यापासून लपवली'. ताई, त्याला माहीत आहे हे तुम्ही कशावरून म्हणता? तो हर्नियासाठी आला होता. छोट्या हॉस्पिटलांत ऑपरेशनआधी सगळ्यांचेच 'व्हायरल मार्कर' (एचआयव्ही, कावीळ यांच्या विषाणूंच्या तपासण्या) करतात हे तुम्ही रोज पाहता. छापील यादीवर टिक केलेली असते, पेशंटला 'रक्त तपासून या' एवढंच सांगितलेलं असतं. कायदा हे चालवून घेत नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार त्या माणसाला समजावून, त्याची संमती घेतल्याशिवाय ही तपासणी करता येत नाही, आणि तपासणीच्या आधी व नंतर समुपदेशन व्हायला हवं. पण प्रत्यक्षात काय घडतं ते तुमच्या काउंटरला विचारा. आपली ही तपासणी झाली आहे हेच त्याला ठाऊक नसण्याची शक्यता मला मोठी वाटते. तुम्ही तो रिपोर्ट हातात धरलात तेव्हा तो कदाचित गावात पत्रिका वाटत फिरत असेल.

तसं असेल, तर तुम्ही बहिणीला फोन केल्यावर त्याचा आजार त्याच्याआधी त्याच्या सासरवाडीला कळेल. त्याला कोण सांगणार? रागावलेला मेहुणा, दारात उभं राहून. एखाद्या माणसाला आयुष्यातली अशी बातमी या रीतीने कळावी असं तुम्हाला वाटतं का, एवढंच मला विचारायचं आहे.

दुसरी गोष्ट तुमच्याच धंद्यातली, त्यामुळे तुम्हाला सांगताना संकोच वाटतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या पद्धतीप्रमाणे, लक्षणं नसलेल्या माणसाला बाधित ठरवण्याआधी तीन वेगवेगळ्या किटवर तपासणी होते. तुम्ही दोनवर थांबलात, कारण तुमच्या लॅबचं काम तेवढंच आहे. खोटी आशा मी दाखवत नाही. दोन किटवर रिअ‍ॅक्टिव्ह आलेला रिपोर्ट बहुधा खराच ठरतो. पण ट्यूबवर चिठ्ठी चुकीची लागणं, सॅम्पल अदलाबदल होणं, हे तुमच्याही सहा वर्षांत कधीतरी घडलं असेल. खात्री होते ती सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रात, नव्याने रक्त घेऊन आणि समुपदेशकासमोर बसून. लग्न मोडायला मात्र आपल्याकडे 'बहुधा' पुरेसं असतं.

इथे मला माझी एक जुनी चूक सांगायची आहे. मी नुकतीच डॉक्टर झाले होते तेव्हाची. आमच्या वाड्यात खालच्या मजल्यावर एक बाई राहायच्या. पापड-लोणची करून घर चालवायच्या. मी काम करत होते त्या दवाखान्यात त्यांचा क्षय निघाला. त्यांचा नातू दिवसभर आमच्याकडे खेळायला असायचा, माझ्या भावाची लहान मुलं घरात होती. मी काळजीपोटी रात्री जेवताना आईला सांगितलं. आईने काळजीपोटीच शेजारच्या एका घरात सांगितलं, त्यांच्याकडेही लहान मूल होतं म्हणून. आठ दिवसांत सामाईक नळावर त्यांची कळशी बाजूला ठेवली जाऊ लागली. पापडांच्या ऑर्डरी बंद झाल्या. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत त्यांच्यापासून कोणाला धोका उरला नव्हता, पण ते ऐकायला कोणी थांबलं नाही. बातमी कुठून निघाली हे त्यांना कळलं होतं. मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "जाऊ दे गं, तू औषध दिलंस ना." ऑर्डरी मात्र परत आल्या नाहीत. वर्षभरात त्यांनी खोली सोडली.

त्यात कोणीच दुष्ट नव्हतं. मी नाही, आई नाही, शेजारची नाही. प्रत्येकीने फक्त आपल्या माणसाची काळजी केली. म्हणून तुमच्या पत्रातलं 'मी फक्त बहिणीलाच सांगेन' हे वाचून माझ्या पोटात कालवतं. बहीण रडत आईला सांगेल. आत्या भावांना सांगेल, कारण लग्न मोडायचं तर पुरुषमाणसं लागतात. मग कार्यालयवाला, आचारी, सोयरे, सगळे विचारतील, एवढ्यात काय झालं? आपल्याकडे ठरलेलं लग्न कारणाशिवाय मोडता येत नाही. मुलगा नोकरी करत असेल तर तिथे, त्याची बहीण लग्नाची असेल तर तिच्या प्रत्येक स्थळात, हे कारण पोचेल. आणि तुमची आतेबहीणही यातून सुटणार नाही. साखरपुडा झाल्यावर ती दोघं कुठे फिरली, किती फिरली, याची मोजदाद तीच माणसं करतील जी आज तिच्या केळवणाला येत आहेत. तिला वाचवायला निघालेली बातमी तिच्यावरही डाग ठेवून जाईल.

आता कायद्याचं. तो भीती घालायला सांगत नाही. या प्रश्नावर आपल्या आधी बऱ्याच लोकांनी डोकं शिणवलं आहे आणि त्यातून वाट निघाली आहे, म्हणून सांगते.

तुमच्यासारखंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. नागालँडच्या आरोग्य सेवेतला एक डॉक्टर एका रुग्णासोबत चेन्नईच्या एका रुग्णालयात गेला, तिथे त्याने रक्त दिलं, तपासणीत एचआयव्ही निघाला, बातमी बाहेर फुटली आणि डिसेंबर १९९५ मध्ये ठरलेलं त्याचं लग्न मोडलं. समाजाने वाळीत टाकलं, त्याला गाव सोडावं लागलं. न्यायालयात त्याचं नाव फक्त 'एक्स' असं आहे. १९९८ मध्ये न्यायालय म्हणालं, रुग्णाची गुप्तता मोठी आहे, पण ज्या मुलीशी लग्न होणार होतं तिच्या जिवाचा हक्क त्याहून मोठा. त्याच निकालात, अशा माणसाचा लग्नाचा हक्क स्थगित राहतो असंही म्हटलं गेलं. त्यावर खूप वाद झाला आणि २००२ मध्ये न्यायालयानेच लग्नाच्या हक्काबद्दलची ती विधानं अनावश्यक ठरवून बाजूला केली. म्हणजे तुमच्या बहिणीच्या जिवाचा विचार कायद्याने केलेला आहे. तो वाऱ्यावर सोडलेला नाही. प्रश्न उरतो तो कोणी सांगायचं आणि कसं, एवढाच.

ते २०१७ च्या कायद्यात पुष्कळ स्पष्ट आहे. विश्वासाच्या नात्यात कळलेली एचआयव्हीची माहिती त्या व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय सांगता येत नाही. जोडीदाराला सांगायची वेळ आलीच तर ते काम फक्त डॉक्टर किंवा समुपदेशकाचं. टेक्निशियन, नर्स, वॉर्डबॉय, कोणीही नाही. आणि डॉक्टरलासुद्धा थेट सांगता येत नाही. जोडीदाराला खरा धोका आहे असं वाटायला हवं, त्या व्यक्तीला 'तुम्ही स्वतः सांगा' म्हणून समजावून झालेलं हवं, तरी ती सांगणार नाही याची खात्री पटायला हवी, आणि 'आता मी सांगणार आहे' हे तिला आधी कळवायला हवं. मग जोडीदाराला समोर बसवून, समुपदेशन करून सांगायचं. बाधित व्यक्ती बाई असेल आणि सांगितल्यावर मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर डॉक्टरने सांगू नये, हेही त्यात आहे. हे कलम लिहिणाऱ्यांना आपली घरं नीट माहीत होती.

एक अडचण मी लपवत नाही. कायद्यात जोडीदार म्हणजे पती, पत्नी किंवा लग्नासारख्या नात्यातली व्यक्ती. साखरपुडा झालेली मुलगी त्यात सरळ बसत नाही. पण डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्ये केलेली आचारसंहिता आहे. एखाद्या ठरावीक व्यक्तीला गंभीर धोका असेल तर गुप्ततेला अपवाद करण्याची मोकळीक तीत डॉक्टरला दिलेली आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाधित व्यक्तीवरच कायद्याने जबाबदारी टाकली आहे की विषाणू दुसऱ्याला जाऊ नये म्हणून योग्य ती काळजी घ्यावी, आणि शारीरिक संबंधाआधी समोरच्याला आपली स्थिती सांगणं हा त्यातलाच एक मार्ग आहे. त्याला ती जबाबदारी कळायची तर आधी कोणीतरी त्याच्याशी बोलायला हवं. ते बोलणं लग्नाआधी घडवून आणणं हे तुमच्या हातात आहे, आणि ते मोठं काम आहे.

कसं, ते सांगते. सर सहीला येतील तेव्हा दार लावून घ्या आणि एवढंच बोला : "सर, त्या सर्जिकलच्या सॅम्पलमधले पेशंट माझ्या नात्यातल्या मुलीचे होणारे पती आहेत. लग्न सव्वा महिन्यावर आहे. मी कोणालाही बोललेले नाही. त्यांचं समुपदेशन आणि खात्रीची तपासणी लग्नाआधी व्हावी, हे तुम्ही सर्जनसाहेबांना सांगाल का? आणि यापुढे त्यांचा कोणताही रिपोर्ट माझ्याकडे येऊ देऊ नका." यात तुम्ही कोणाची गुप्तता मोडत नाही. रिपोर्ट सरांना माहीतच आहे. लग्न साऱ्या गावाला माहीत आहे. उपचार करणाऱ्यांपर्यंत दोन्ही एकत्र पोचवणं, एवढंच तुम्ही करताय. शेवटचं वाक्य विसरू नका. नात्यातल्या माणसाचा कागद आपल्या टेबलावर नको, हे तुम्ही स्वतःहून म्हणालात तर उद्या काहीही झालं तरी तुमच्याकडे बोट दाखवायला जागा राहणार नाही.

पुढचं काम सर्जनचं. त्यांनी त्याला एकट्याला बोलवायचं, आईला नाही, सोबत आलेल्या मित्रालाही नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीला पाठवायचं. ऑपरेशन करायला नकार देता येणार नाही. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं हा भेदभाव ठरतो आणि कायद्याने त्याला बंदी आहे.

माझ्या अनुभवात, शेजारी बसून कोणी नीट बोललं तर माणसं सांगतात. पहिल्या दिवशी नाही, चौथ्या-पाचव्या भेटीत, कधी समुपदेशकाच्या खोलीतच जोडीदाराला बोलावून. काहीजण स्वतःच लग्न पुढे ढकलतात, दुसरं कारण देतात. तसं झालं तर तुमची परीक्षा आहे. आत्या तुमच्याकडे येऊन म्हणेल, "काय गं, एवढं चांगलं स्थळ, काय बिनसलं असेल?" आणि तुम्हाला माहीत असूनही माहीत नसल्यासारखं तिच्याबरोबर बसावं लागेल. ते कठीण आहे, पण रुग्णांची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येकाला आयुष्यभर ते करावं लागतं. चरकसंहितेत वैद्यकीच्या शिष्याने घ्यायच्या शपथेतही हे आहे, की रुग्णाच्या घरात जे कळलं ते बाहेर काढायचं नाही.

आणि सरांनी 'बघू' म्हणून विषय टाळला तर? चार दिवसांनी पुन्हा आठवण करा. तरीही हललं नाही तर लेखी चिठ्ठी द्या, त्यात नाव न घालता फक्त लॅबचा क्रमांक, 'समुपदेशनाची तातडी आहे' एवढं आणि तारीख. लेखी कागद हातात पडला की टाळणाऱ्या डॉक्टरलाही बसून विचार करावा लागतो. मध्ये तुम्हाला कोणाशी बोलावंसं वाटलं तर १०९७ या सरकारी मोफत हेल्पलाइनवर बोला, कोणाचंही नाव न घेता. आयसीटीसीच्या समुपदेशकालाही नाव न सांगता सल्ला विचारता येतो. या मार्गाने तुमच्या बहिणीला शंभर टक्के संरक्षण मिळेल असं मी लिहू शकत नाही. लिहिलं तर ते खोटं होईल. एवढंच म्हणते, की यात तिला माहिती मिळाली तर ती खरी असेल, पूर्ण असेल, आणि पुढे काय करायचं ते सांगणारं माणूस समोर असेल. स्वयंपाकघरात कानात सांगितलेल्या बातमीत यातलं काहीच नसतं.

एक आडवाट तुम्हाला सुचली असेल, मलाही सुचली. बहिणीला सहज म्हणावं, "अगं, लग्नाआधी दोघांनी सगळ्या तपासण्या करून घ्या." वाट मोहाची आहे. पण तुम्ही आजवर इतर कोणाच्या लग्नात असं म्हणाला होतात का? पहिल्यांदाच म्हणणार असाल, आणि लॅबमध्ये काम करणारी बहीण म्हणतेय, तर आत्या लगेच विचारेल, "का गं?" त्यावर तुमच्या चेहऱ्यावर जे उमटेल तेच उत्तर होईल. म्हणून आत्ता, या लग्नात, हे तुम्ही म्हणू नका.

मी मात्र म्हणू शकते, कारण मला कोणाचाच रिपोर्ट माहीत नाही. लग्न ठरलेल्या सगळ्या मुलामुलींनो, आपल्याकडे पत्रिका जुळवतात, गोत्र बघतात, सोन्याचा हिशेब होतो. त्याआधी दोघांनी मिळून एकदा आयसीटीसीत जाऊन या. तिथे तपासणी फुकट होते आणि रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात देतात. थॅलेसेमिया या आईवडिलांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराचीही तपासणी करा. घरच्यांनी जबरदस्ती करून नव्हे, दोघांनी आपसात ठरवून. समोरच्याकडे ते मागणं हा अविश्वास नाही, आणि मुलीने मागितलं तर तो आगाऊपणाही नाही.

आता 'वाटोळं' या शब्दाबद्दल. तुमच्या मूळ पत्रात तो चार वेळा आला आहे. १९९५ मध्ये तो शब्द खरा होता. आज सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील उपचार) केंद्रांत औषधं मोफत आहेत, २००४ पासून आहेत. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. एक बाधित आणि एक नाही अशी जोडपी संसार करत आहेत, त्यांना मुलं आहेत, मुलं निरोगी आहेत. महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे वधू-वर मेळावे भरतात. तुमच्या बहिणीने हे लग्न करावं असं मी सुचवत नाही. तो निर्णय तिचा, सगळं कळल्यावरचा. पण कळल्यावर ती काय ठरवेल हे तुम्ही आणि मी आधीच गृहीत धरून बसलो आहोत. त्यालाही हाच हिशेब लावा. हा रिपोर्ट त्याला वेळेवर आणि माणुसकीने मिळाला, तर त्याच्यासाठी तो उपचारांची सुरुवात आहे.

स्थळ सुचवल्याची टोचणी तुम्हाला आहे, ती मी समजू शकते. पण सुचवताना तुम्ही घर पाहिलंत, नोकरी पाहिलीत, स्वभाव पाहिलात. रक्तात काय आहे ते तेव्हा कोणालाच दिसत नव्हतं, कदाचित त्यालाही नाही. नवऱ्याला सांगितलं नाही म्हणूनही मन खात असेल. त्याला एवढं जरूर सांगा, "कामावरच्या एका गोष्टीचा ताण आहे, सांगता येणार नाही, पण माझ्याजवळ बस." बहुतेक नवऱ्यांना हे कळतं. कळलं नाही तरी पुढे काही बोलू नका.

शेवटी तुमच्या लॅबबद्दल, आणि तुमच्यासारख्या सगळ्यांबद्दल. केस पेपर काढणाऱ्या मुली, नर्स, औषधाच्या दुकानातली मुलं, सगळे यात आले. तुमच्यावर ही वेळ आली ती तुमच्या नशिबाने नाही. तालुक्याच्या गावात प्रत्येक पेशंट कोणाचा तरी नातेवाईक असतो, त्यामुळे असं पुन्हा होणार. म्हणून मालकांशी बोला. एचआयव्हीच्या तपासणीला नावाऐवजी क्रमांक वापरता येतो. रिपोर्ट काउंटरच्या उघड्या ट्रेमध्ये ठेवायची गरज नसते. बंद पाकिटात, सही घेऊन, ज्याचा त्याला द्यावा. 'भावाला पाठवलंय, त्याच्याकडे द्या' याला नम्रपणे नाही म्हणावं. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाठवण्याआधी केस पेपरवरचा नंबर पेशंटचाच आहे का, की घरात एकच फोन आहे आणि तो सासऱ्यांच्या खिशात असतो, हे विचारावं. मी पाहिलेल्या एका ठिकाणी गरोदर राहिलेल्या अविवाहित मुलीचा सोनोग्राफी रिपोर्ट तिच्या काकांच्या फोनवर गेला होता, कारण नाव नोंदवताना कोणीतरी 'नंबर द्या' म्हटलं आणि तिने पाठ असलेला एकमेव नंबर दिला. रांगेतल्या माणसाला मोठ्याने आजार विचारू नये. लॅबच्या संगणकाला प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड असावा. कामाच्या ग्रुपवर 'आज एक पॉझिटिव्ह निघाला' असं लिहू नये, नाव नसलं तरी. छोट्या गावात वय आणि वेळ सांगितली की नाव आपोआप कळतं. आणि फाइलवर लाल शिक्का, खाटेवर लाल चिठ्ठी, हे जिथे कुठे अजून चालत असेल तिथे उद्याच बंद करायला सांगा. संसर्गापासून जपायचं ते प्रत्येक पेशंटच्या बाबतीत सारखंच, हातमोजे सगळ्यांसाठी. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं आवश्यक केलं आहे, त्यात गुप्ततेचा हक्क आहे. समोरच्या हॉस्पिटलात ती लावलेली आहे का, जाता-येता बघा.

सरांशी बोलून झालं की एखादा दिवस रजा घ्या आणि झोपा. आठ दिवस तुम्ही एकट्याने हे उचललं आहे. नंतर वाटलं तर मला पुन्हा लिहा. त्याची तपासणी कशी आली, लग्न झालं की नाही, हे कळवू नका. तुम्ही कशा आहात तेवढं कळवा.